दिव्यांग आंबे

माणसाला जाळताना त्याची कुबडी कुठं ठेवायची असते? सोबत ठेवायची, का घरी परत आणायची?

हा प्रश्न मी चैत महिन्यात, भर उन्हात, मसणात उभा राहून विचारला होता. मामाला विचारला, काकाला विचारला, लाकडं रचणाऱ्याला विचारला. काका म्हणाला, "पंक्या, चूप राय ना बे." बाकीच्यांनी तेवढंही म्हटलं नाही. आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, हसवतो म्हणून बसवून घेतलं आणि मसणातून सुरुवात केली. बरोबर आहे तुमचं. पण माझ्या गाढवपणाची वाट तिथूनच फुटते, त्याला मी काय करू? चहा घ्या, बिस्कीट बुडवा. एवढं मोठं येडपट काम एका माणसाला एकट्यानं जमतं, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मलाही मदत लागली. एका कॉम्प्युटरची.

मी पंकज. देवरीला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. शिक्षण सातवी, आणि त्यातही सातवीच्या मास्तरांचा मला घालवायचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त होता. सुनंदाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळला. तरी एम. ए. झाली, मराठीत. आमच्या घरी शिकण्याजोगी अक्कल एकालाच पुरेल एवढी होती. ती आधी आली आणि घेऊन गेली.

ताईचा धंदा काय, तर मराठीची शिकवणी. आता देवरीत मराठी कोण शिकेल, असं वाटेल. पण आमच्याकडे नोकरीला येतात सारे बाहेरचे. बँकेत बिहारचा, पोस्टात हरियाणाचे दोघं, दवाखान्यात छत्तीसगडची. त्यांना मराठी बोलता आलं पाहिजे असा नियम. आणि आम्हा देवरीच्या लोकांची खोड अशी, की समोरचा हिंदीत बोलला की आम्ही त्याच्याहून वाकडं हिंदी बोलतो. मग तो बिचारा मराठी शिकणार कुठं? आमच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत.

ताईनं त्यांच्यासाठी बाजारातलं पुस्तक आणलं नाही. तिनं स्वतःची गोष्ट एका दोनशे पानी वहीत लिहून काढली आणि तीच शिकवायला लागली. वहीतलं पहिलं वाक्य दोन शब्दांचं. मी लंगडी.

"एवढं सोपं वाक्य दुसऱ्या कोन्या पुस्तकात नाही," ताई म्हणायची. "आता तुम्ही सांगा, तुम्ही कोन."

बँकेतला राकेश उभा राहिला. "मी... बिहारी."

"बस खाली. पाहा, दोघाईले लोक अशाच शब्दानं हाका मारतेत. आता दुसरं वाक्य. मला नाव आहे."

अशी ती शिकवायची. 'नका' शिकवायचा दिवस मला आठवतो. मी दाराशी ट्यूब फुगवत बसलो होतो आणि आत चौघं एका सुरात ओरडत होते. "उचलू नका. ढकलू नका. बिचारी म्हणू नका. न विचारता हात धरू नका." रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत मोर्चा बसला आहे.

गायत्री सिस्टर छत्तीसगडच्या. त्या शिकवणीला आल्याच मुळी भांडणातून. ताईला पोटात दुखत होतं म्हणून मी दवाखान्यात नेलं, तर सिस्टरनी मला विचारलं, "इनको क्या तकलीफ है?"

ताई म्हणाली, "मले इचारा. तो पंक्चर काढते. माह्या पोटातलं त्याले काय समजते?"

त्या संध्याकाळी सिस्टर वही घेऊन आमच्या छपरीत हजर. ताईनं त्यांच्याकडून एकच वाक्य वीस वेळा म्हणून घेतलं. "तुम्हाला काय होतं? तुम्हाला काय होतं?" विसाव्या वेळी ताई म्हणाली, "आता काही नाही होत. चहा घ्या."

राकेशची गोष्ट मात्र गंभीर होती. तोंडी परीक्षेत मराठी आलं नाही तर बँक त्याला कायम करणार नव्हती. एकदा तो नापास झालेला, आता शेवटची संधी. गावी म्हातारी आई, दोन बहिणी, सारे याच्या तोंडाकडे पाहून राहिलेले. आणि याच्या तोंडातून 'माझा बायको' आणि 'माझी नवरा'. लग्न झालेलं नव्हतं, तरी दोन्ही चुका.

ताईनं त्याला शब्द दिला होता. "तुले पास केल्याबिगर मी मरत नाही."

परीक्षेला सव्वा महिना होता. ताईला ताप आला. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी मसणात लोकांना कुबडीचं विचारत होतो.

तेरवीच्या दिवशी राकेश म्हणाला, "भैया, मी ताईचं वाचतो." मंडपात माईक होताच. तो उभा राहिला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, डोळे पुसत, खणखणीत आवाजात म्हणाला, "मी लंगडी."

पंगतीत तालुक्याचे एक साहेब बसले होते. त्यांनी पुरी खाली ठेवली. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "हा शब्द आता चालत नाही. दिव्यांग म्हणायचं असतं. उद्या कोणी तक्रार केली तर केस होईल."

आता तुम्हाला माझं आणि त्या शब्दाचं नातं सांगितलं पाहिजे. लहानपणापासून ताईला कुणी लंगडी म्हटलं की मी त्याच्यावर धावून जायचो. एकाचा दात पाडला. एकाच्या सायकलची दोन्ही चाकं काढून तलावात टाकली. ताई मला प्रत्येक वेळी शिव्या द्यायची. "मी लंगडी आहो, तुले काऊन मिरच्या लागतेत?" पण मला लागायच्या. आणि आता माझ्याच मंडपात, माझ्याच भाड्याच्या माईकवर, एक माणूस तिला लंगडी म्हणत होता आणि मी त्याला वांग्याची भाजी वाढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर. ताईनं आपली वही तिथंच टाइप करायला दिली होती, सेंटरवाल्याकडे सारी तयार होती.

सेंटरवाला म्हणाला, "बोल पंकज, प्रिंट मारू?"

"थांब ना. त्यातले खराब शब्द काढाचे आहेत."

"गाली वगैरे है क्या?"

"लंगडी. सारीकडं दिव्यांग कर. लंगडा असंल तिथं बी."

"और?"

मी विचार केला, घर झाडायला काढलंच आहे तर एकच खोली कायले झाडायची? "आंधळी असंल तिथं दृष्टिहीन कर. आन् मुका असंल तिथं मूकबधिर."

"सब जगह बदल दूं? एक बार में हो जाएगा."

"सारीकडं."

त्यानं बटण दाबलं. चहावाल्याला चहा सांगितला होता, तो यायच्या आत माझ्या बहिणीचं सारं आयुष्य दुरुस्त झालं. तिला चौतीस वर्षं लागली होती.

पाच प्रती काढल्या. चौघांच्या चार, माझी एक. वर प्लास्टिक, बाजूला स्प्रिंग, पहिल्या पानावर ताईचा रंगीत फोटो. फोटोत कुबडी दिसत होती, ती मी सेंटरवाल्याला कापायला लावली. काम करायचं तर पूर्ण करावं.

आता शिकवायचं कोणी? परीक्षा वीस दिवसांवर. गायत्री सिस्टर म्हणाल्या, "भैया, तुम्ही वाचा. आम्ही ऐकतो. ताईच्या बोलीचे शब्द आम्हाला समजत नाहीत, ते तुम्ही सांगा." आणि राकेश म्हणाला, "हां सर."

सर. मला. जन्मात मला कुणी सर म्हटलं नव्हतं. ट्रकवाले 'ए पाना' म्हणतात. मी दुकानाला कुलूप लावलं, ताईच्या खुर्चीवर जाऊन बसलो, आणि खुर्चीनं माझं जे करायचं ते केलं. तुम्ही कधी मास्तरच्या खुर्चीवर बसलात का? तिच्यावर बसलं की 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तोंडातून निघतच नाहीत.

पहिल्याच दिवशी गायत्री सिस्टरनी वाचलं. "मी पहिल्यांदा चार पावलं चालले, तेव्हा आईनं माझा मूकबधिर घेतला." त्यांनी वर पाहिलं. "सर, आईनं काय घेतलं?"

मी पान पाहिलं. चूक मला तिथंच दिसली. पण खुर्ची.

"म्हंजे," मी म्हटलं, "आई तिले मूकबधिराच्या शाळेत घेऊन गेली."

"पण ताईला तर ऐकू येत होतं."

"म्हनून तर वापस आनली."

चौघांनी लिहून घेतलं.

मग राकेश. "ताईच्या आईनं तेंदूपत्ता तोडायचं काम केलं आणि मूकबधिरदम तिला रोज रागवायचा." तो थांबला. "सर, ये मूकबधिरदम कौन सी पोस्ट है?"

मुकादम हो, मुकादम. मला कळलं, माझ्या पंक्चरच्या पंपालाही कळलं असतं. मी म्हटलं, "असते जंगलात. जास्त बोलत नाही."

"पण इथं तर तो ओरडतो आहे."

"कधी कधी."

तेही लिहून घेतलं. दृष्टिहीन कोशिंबिरीत दही घालतात, हेही मी सांगितलं. लहान मुली ती अंगणात डोळे बांधून का करतात, असं पोस्टातल्या एकानं विचारलं, तर मी म्हटलं, कांदा झोंबते.

हसा. पण एका ठिकाणी मीही अडलो. ताईच्या शाळेचं पान होतं. छापलं होतं, "मुली दिव्यांग खेळायच्या आणि दिव्यांगला बाजूला बसवायच्या." कुणालाच काही समजलं नाही. मी ते वाक्य ताईच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. मुली लंगडी खेळायच्या आणि लंगडीला बाजूला बसवायच्या. पुढं ती म्हणायची, "आन् साऱ्यात जास्त सवय मलेच होती ना बाप्पा." तिथं वर्ग दरवेळी हसायचा आणि मग थोडा वेळ कुणी कुणाकडे पाहायचं नाही.

यावेळी कुणी हसलं नाही. गायत्री सिस्टरनी पेनानं बाजूला लिहिलं, 'दिव्यांग : एक खेळ.' मी ते पाहिलं आणि पान उलटलं. तेव्हाच उठून सांगायला पाहिजे होतं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, परीक्षा होऊन जाऊ दे, मग पाहू.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. संध्याकाळी गायत्री सिस्टर तणतणत आल्या. पुस्तकात होतं ना, ताईला दिव्यांग आंबा फार आवडायचा. म्हणून ताईच्या फोटोपुढं ठेवायला त्या आंबे घ्यायला गेल्या. आणि खास मराठीत बोलल्या, ताईनं शिकवल्यासारखं.

"मी विचारलं, दादा, दिव्यांग आंबे कसे दिले? तर तो म्हणतो, बाई, ते इथं नाही भेटत, पंचायत समितीत भेटतेत. सर्टिफिकेट लागते. किती टक्के आहे तुमचं?"

"मग?"

"मग मी म्हटलं, मला नको, एका ताईसाठी पाहिजेत. तर म्हणतो, त्याईलेच घेऊन या, अंगठा लागते."

लंगडा आंबा साऱ्या मुलखाला माहीत आहे. फक्त आमच्या वर्गाला माहीत नव्हता. मी म्हटलं, "तो आंबेवाला अडाणी आहे."

एवढं सारं मला कळत होतं, हे मी कबूल केलं. मुकादम कळला, आंबा कळला, मुका तर पहिल्याच दिवशी कळला. आता पुढचं ऐका, आणि मला सांगा की माणूस एवढा आंधळा कसा होतो. दृष्टिहीन म्हणा पाहिजे तर.

एके दिवशी राकेश म्हणाला, "सर, आज तुमचं पान आहे."

"माह्यं?"

"ताईनं तुमच्यावर लिहिलं आहे." आणि त्यानं वाचलं. पानाची शेवटची ओळ होती. "माझ्या भावाची अक्कल दिव्यांग आहे." त्यानं पुस्तक खाली केलं. "अर्थ काय, सर?"

माझ्या कानात गरम हवा शिरल्यासारखं झालं. ताईनं जिवंतपणी मला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. गधा म्हणायची, बैल म्हणायची, वाटेल तो प्राणी म्हणायची. आणि वहीत लिहून गेली होती? गुपचूप?

"दिव्यांग," मी म्हटलं, "म्हंजे दिव्य. देवाच्या घरची वस्तू. अक्कल दिव्यांग, म्हंजे अशी अक्कल, का मानसाजवळ राहतच नाही."

"बहुत बढ़िया तारीफ है," राकेश म्हणाला आणि लिहून घेतलं.

मी पुस्तक मिटलं. मला पुढचं पान उलटवलं नाही. वर्ग सोडून दिला, मागच्या बाजूला विहिरीजवळ जाऊन बसलो आणि तेरवीलाही रडलो नव्हतो तेवढा रडलो. मग तोंड धुतलं, हॉटेलातून पेढे आणले आणि चौघांच्या घरी जाऊन वाटले. सिस्टरनी विचारलं, कशाचे? मी म्हटलं, ताईचे.

तुम्हाला केव्हाच कळलं असेल. दुसऱ्याचं नाव असलं की मला बी कळत होतं. आपलं नाव आलं की माणसाला मराठी समजत नाही.

परीक्षा गोंदियाला होती, बँकेच्या ऑफिसात. राकेशसोबत मी बसनं गेलो. पिशवीत माझी प्रत होती आणि ताईची मूळ वही. शकुन म्हणून घेतली होती. निदान तिनं दिलेल्या शब्दाला ती स्वतः हजर राहील.

आत परीक्षक साहेब एकटेच होते. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुण्याकडचं, प्रत्येक शब्द धुऊन वाळवलेला. दाराला फट होती. मी बाहेर बाकावर शिपायाशेजारी बसलो आणि कान फटीला लावला.

साहेब म्हणाले, "समजा, तुमच्या शाखेत एक दिव्यांग महिला ग्राहक आल्या आहेत. सोबत त्यांचे भाऊ आहेत. तुम्ही कसे बोलाल?"

देवानंच प्रश्न काढला असता तर याहून वेगळा काय काढला असता? राकेश ताठ बसला असणार, आवाजावरून कळत होतं. "नमस्कार ताई. मी तुम्हाला विचारतो, तुमच्या भावाला नाही. तुमचं काम काय आहे? पायऱ्या उंच आहेत, मी बाहेर येऊ का? तुम्ही सांगाल तरच हात देतो."

बाहेर मी बाकाची कड घट्ट धरली. आवाज राकेशचा होता, वाक्यं सारी आमच्या छपरीतली.

साहेबांनी कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उत्तम. फारच छान. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या ताईनं, सर."

"वा. प्रश्न काढताना मला वाटलं होतं, उमेदवारांना हा अवघड जाईल."

एवढ्यावर गप्प बसला असता तर आज मी हा किस्सा सांगत बसलो नसतो. पण राकेशला वाटलं, साहेबांनी स्तुती केली, आपणही करावी. तो म्हणाला, "नाही सर. प्रश्न फार सुंदर आहे. तुमची अक्कल दिव्यांग आहे."

आत खुर्ची करकरली.

"काय म्हणालात?"

राकेशला वाटलं, साहेबांना ऐकू आलं नाही. त्यानं सावकाश, शब्द सुटे करून पुन्हा सांगितलं. वर म्हणाला, "आमच्या सरांची पण दिव्यांग आहे."

"मिस्टर," साहेबांचा आवाज बर्फासारखा झाला, "तुम्ही माझा अपमान केलाच आहे, पण त्याहून वाईट म्हणजे एका समाजाचा केला आहे. अशा माणसाला ग्राहकांसमोर बसवायचं? मला हे अहवालात लिहावं लागेल."

त्यांनी पेनाचं टोपण काढल्याचा टक् असा आवाज झाला. मग मी काय केलं ते मला आठवत नाही. दार ढकललं एवढं खरं, कारण ते भिंतीवर आपटलं.

"साहेब, त्याची चूक नाही. माही आहे."

"तुम्ही कोण?"

"मी त्याचा सर."

साहेबांनी माझ्या नखातलं ग्रीस पाहिलं. "तुम्ही मराठी शिकवता?"

"पंक्चर काढतो. पन इचारा ना त्याले. मूकबधिरदम म्हंजे काय, ते इचारा."

राकेश घाईघाईनं म्हणाला, "जंगलातली पोस्ट आहे सर. कमी बोलतो."

मग मी सारं ओकलो. तेरवी, माईक, पुरी खाली ठेवणारे साहेब, बटण, आंबे, कांदा. साहेब एकदा माझ्याकडे पाहत, एकदा राकेशकडे. त्यांचा चष्मा दोनदा घसरला. शेवटी म्हणाले, "हे खरं कशावरून? मूळ मजकूर आहे?"

मी वही काढली. ताईचं अक्षर मला लवकर वाचता येत नाही. ते पान सापडेपर्यंत साहेब थांबले. मी बोट ठेवून, सातवीतल्यासारखं, मोठ्यानं वाचायला लागलो.

"माझ्या भावाची अक्कल..." आणि मी थांबलो.

शब्द समोर होता. निळ्या शाईत, ठसठशीत. इतके दिवस मी पेढे खाऊन फिरलो होतो. राकेशनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे पाहिलं. त्याला माझ्याआधी समजलं. बिहारच्या माणसाला.

"वाचा," साहेब म्हणाले.

मी वाचलं. "माझ्या भावाची अक्कल लंगडी आहे." मग पुढची ओळ, जी मी त्या दिवशी पान उलटून पाहिली नव्हती. "आणि माझा पाय लंगडा. दोघं मिळून देवरीचा बाजार करून येतो. मग त्यानं विसरलेली पिशवी आणायला मी एकटी परत जाते."

साहेब हसले नाहीत. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते, आता ते हसून राहिले होते की काय, मला पाठीवरून काय कळणार?

मागं वळून ते म्हणाले, "उमेदवाराचं मराठी चांगलं आहे. तुमच्या बहिणीनं शिकवलं तेवढं. ते मी पास करतो. पण झालेला प्रकार शिपायानंही ऐकला आहे. मला कागदावर कारण लागेल. तुम्ही लेखी द्या."

कोरा कागद मिळाला. मला अर्ज लिहिता येतो. दुकानाच्या विजेसाठी मी इतके अर्ज दिले आहेत की झोपेतही देईन. मी लिहिलं, 'प्रति, माननीय परीक्षक साहेब.' मग खाली लिहिलं, 'विषय : माझी अक्कल लंगडी असल्याबाबत.'

साहेबांनी वाकून पाहिलं आणि ते चुकचुकले. "अहो, हा शब्द कार्यालयीन कागदावर चालत नाही. तिथं दिव्यांग करा."

राकेशनं डोळे मिटून घेतले.

आजवर खुर्चीवरच्या कुठल्याही साहेबाला मी नाही म्हटलेलं नाही. पेनही त्यांचंच होतं. मी म्हटलं, "नाही साहेब. हा शब्द माह्या बहिनीचा आहे. मी एकदा बदलून पाहिला."

त्यांनी ताईची वही ओढून ते पान पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "बरं. राहू द्या. पण असा काही दावा केला की पुरावा जोडावा लागतो."

मी पिशवीतून माझी प्रत काढली. वर प्लास्टिक, बाजूला स्प्रिंग, पहिल्या पानावर ताईचा रंगीत फोटो. ती अर्जाखाली ठेवली. अर्जाच्या तळाशी लिहिलं, 'सोबत पुरावा म्हणून पुस्तक जोडले आहे, कोणतेही पान उघडून पाहावे,' आणि सही केली.